कुठं अडलंय?

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

ऑफिसात परत तेच भांडण! एका नर्सिंग होमच्या औषधसाठ्याचं सॉफ्टवेअर करायचंय. कृष्णमूर्ती सर — आमचे मालक — म्हणतात, आधी सगळं कागदावर उतरवा, गिऱ्हाईकाची सही घ्या, मगच प्रोग्रॅमला हात लावा. तीनशे पानं! मागच्या कामातही सही घेतली होती. वाचलं होतं कुणी? सहा महिन्यांनी "हे आम्हाला नकोच होतं" ऐकून घ्यावं लागलंच ना!

माझं म्हणणं, दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडू. करायचं, दाखवायचं, चुकलं तर तिथंच सुधारायचं. वाद घालून घसा बसला. शेवटी सर म्हणाले, "एक तुकडा करून दाखव. जमलं तर सगळं काम तुझ्या पद्धतीनं, टीमही तूच चालव. नाही तर माझी तीनशे पानं."

आई म्हणते, "स्वल्प दमानं घे गं. तुझं तोंड म्हणजे तिखटाचा डबा." असू दे!

९ फेब्रुवारी

आजपासून रोज साडेनऊला सगळ्यांनी दहा मिनिटं उभं राहून बोलायचं — काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलंय. तिसरा प्रश्न महत्त्वाचा. कागद नाहीत, तेव्हा माणसांनी तरी बोललंच पाहिजे.

टीममधला उमाकांत विचारतो, "अक्का, उभं राहिलं की अक्कल जास्त येते का?" वात्रट मेला!

११ फेब्रुवारी

रघुपती म्हणाला, प्रिंटरवर अडलंय. "एवढंही येत नाही? काय शिकून आलास?" — सगळ्यांसमोर म्हटलं. दुपारपर्यंत केलं की नीट!

१७ फेब्रुवारी

चार दिवस कुणाचंच काही अडलेलं नाही. झकास चाललंय.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

नर्सिंग होमचे मोहनकुमार बघायला आले. आमच्या टीममधल्या चंदनाच्या स्क्रीनवर मुदत संपलेल्या गोळ्याही शिल्लक साठ्यात! "ह्या पेशंटला द्यायच्या का?" त्यांनी विचारलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही पोरगी आठवडाभर तिथंच अडली होती, आणि रोज सकाळी कानडीत "सरी अक्का", म्हणजे सगळं ठीक, म्हणत होती!

मोहनकुमार मात्र भला माणूस. "आत्ताच दिसलं ते बरं झालं" म्हणाले, आणखी दोन आठवडे दिले.

चूक कुठं ते मला कळलंय. सर रोज सकाळी खुर्ची टाकून ऐकत बसतात. मालकासमोर कोण तोंड उघडणार? त्यांना स्पष्टच सांगितलं, उद्यापासून येऊ नका. मान हलवली बिचाऱ्यांनी.

२४ फेब्रुवारी

सर येत नाहीत. तरी तेच — "सरी अक्का, सगळं सरी." माठ आहेत का सगळे?

२६ फेब्रुवारी

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चंदना आणि रघुपती रोज चहाच्या वेळी त्यांच्याकडे जातात म्हणे, अडलेलं विचारायला. "अक्कांना सांगू नका" म्हणतात. मला वाटत होतं, पोरं सरांना भितात.

सर म्हणाले, "पद्धत तुझीच बरोबर. तीनशे पानं नकोत. पण सोमवारपासून टीम उमाकांत चालवेल."

घरी येऊन खूप रडले. आई दोनदा दारापर्यंत आली आणि काही न विचारता परत गेली.