आक्का, तिकडच्या शेतातल्या बाया

प्रिय आक्का,

विलायतेहून परत येऊन दोन महिने झाले. सोलापुरात जी भेटते ती मला विचारते, बर्फ कसा असतो, मडमा केस कसे कापतात, बोटीत पोटात ढवळतं का. सांगून सांगून कंटाळले. काल हळदीकुंकवाला पुन्हा तेच! तू जे विचारलं असतंस ते अजून एकीनंही विचारलं नाही. म्हणून आज तुलाच लिहायला बसले.

आठवतं ना, आम्ही निघालो त्या दिवशी तू होटगीहून बैलगाडीनं स्टेशनावर आलीस? गिरणीनं यांना कापड रंगवण्याचं शिक्षण घ्यायला धाडलं, म्हणून सगळे यांच्या गळ्यात हार घालत होते. तू मला बाजूला ओढलंस. "सुशे, नुसत्या मडमा बघून येऊ नगंस. शेतातल्या बाया बघ. कवा उठत्यात, काय खात्यात, समदं इचारून ये."

बघून आले ग! पण ऐकायला तू कुठं आहेस?

सुट्टीत आम्ही स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका खेड्यात राहिलो. घर मार्गारेट नावाच्या बाईचं. नवरा मासेमारीला जाई, तो आठवडा-आठवडा परतत नसे. दोन गाई, कोंबड्या, शेताचा तुकडा, म्हातारी सासू, सगळं हिच्या एकटीच्या अंगावर. आई गेल्यावर तुझ्यावर आपलं घर पडलं होतं, तसंच.

पहाटे मला जाग यायची ती तिच्या बादलीच्या आवाजानं. धारा काढून, झऱ्याचं पाणी आणून, सासूला खाऊ घालून ती टोपली पाठीला बांधायची. तिकडं सरपण नाही. दलदलीतली काळी माती विटांसारखी कापून वाळवतात आणि तीच चुलीत घालतात. त्या विटांची टोपली पाठीवर, आणि आक्का, दोन्ही हात मोकळे म्हणून वाटेनं चालता चालता ती लोकरीचे मोजे विणायची! तू तोंडावर हात ठेवून म्हणाली असतीस, "आगं बया! चालता चालता?" मी तिथं उभी राहून तुझा तो आवाज ऐकला, खरंच.

एकदा तिच्या शेतातलं ओट कापून पडलं होतं. ओट म्हणजे त्यांचं जोंधळ्यासारखं रोजच्या खाण्याचं धान्य. एकाएकी समुद्राकडून आभाळ अंधारून आलं. ती एकटीच धावत धावत पेंढ्या बांधू लागली. भिजलं असतं तर वर्षाचं खाणं गेलं असतं. मी लुगड्याचा काचा खोचला आणि शिरले शेतात. हे मागून ओरडताहेत, "अगं, हात कापतील!"

कापले की! पण जोंधळ्याच्या चार ताटांना पीळ देऊन पेंढी आवळायला तू शिकवलं होतंस ना, हात आपोआप चालले. मार्गारेट माझ्या हाताकडं बघतच राहिली. पाऊस आला तेव्हा शेवटच्या पेंढ्या आम्ही दोघी छातीशी धरून गोठ्यात आणत होतो. चिंब भिजून आम्ही इतक्या हसलो!

"कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"माझ्या बहिणीनं," मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं.

मग रोज चुलीपाशी तुझ्याच गोष्टी. ती विचारायची, तुझ्या बहिणीला पाणी किती लांबून आणावं लागतं? तिची पाठ दुखते का? निघताना माझा हात सोडेना. "बहिणीला घेऊन ये एकदा," म्हणाली. मी हो म्हटलं, आक्का. बोटीत रोज मनाशी घोकत होते, तुला आधी काय सांगायचं, मग काय.

सोलापूरच्या फलाटावर दाजी एकटेच उभे होते.

"आक्का कुटं हाय?" मी विचारलं. इतक्या दिवसांनी आपली लहानपणची बोली तोंडात आली.

दाजींनी पटका काढून हातात घेतला. "तापानं गेली, सुशे. तुमी बोटीवर व्हता. कुटं कळवायचं?" मग म्हणाले, "शेवटाला सारखं इचारायची, बोट कुटवर आली?"

एवढी कसली घाई केलीस ग? थोडं थांबायचं होतंस की! मी येतच होते.

परवा होटगीला गेले. तुझ्याबरोबर खुरपायला जाणाऱ्या बाया बांधावर भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. त्यांना मार्गारेटचं सगळं सांगितलं. तुझी शेजारीण काशीबाई म्हणाली, "म्हंजे तितं बी बाईच्या जिवाला इसावा न्हाईच की." मग तिनं आपल्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. तू असतीस तर यावर काय म्हणाली असतीस ग?

मार्गारेटचं पत्र येऊन पडलंय. विचारते, बहीण भेटली का? मी उत्तर दिलेलं नाही. त्या एका घरात तू अजून आहेस, आक्का. तिथं तू अजून पहाटे उठतेस, पाण्याला जातेस. मी कळवलं की तिथूनही जाशील.

पण ती वाट बघत असेल. उद्या लिहीन, शब्द देते. तू गेलीस एवढंच लिहून संपवणार नाही. तू जात्यावर बसून मला कशी मांडीवर निजवायचीस, उन्हात खुरपताना कशी गायचीस, सगळं लिहीन. वाचून होईल तेव्हा तिकडं धारांची वेळ झाली असेल. ती डोळे पुसेल आणि बादली उचलेल.

तुझीच,
सुशी