तुमच्या नावाखालची कागदाची पट्टी

बाबा, तुम्ही माझ्यावर आयुष्यात एकदाच ओरडलात, आणि तेही जेवताना. मी चौथीत होते. आजोबांचं गाव कोणतं, ते काय करायचे, हे घरून विचारून लिहून आणा असं गुरुजींनी सांगितलं होतं. माजरीच्या चाळीतली आपली ती एक खोली. माय चुलीपुढं भाकर थापून राहिली आहे, तुम्ही खाणीतून येऊन नुकतेच हातपाय धुतले आहेत, तरी नखांत कोळसा आहेच. मी पाटी घेऊन तुमच्या ताटाजवळ येऊन बसते. "बाबा, आजा कोन्या गावचा?" तुमचा घास हातातच राहतो. "सावली लिही." "आन काय करे तो?" "सावली लिही म्हटलं नं! पुन्हा विचारू नको." माय म्हणते, "पोरीवर काऊन खेकसता?" तुम्ही ताट सारून बाहेर जाता. मी सावली लिहिलं. गुरुजींनी बरोबरची खूण केली. त्यानंतर तुम्ही होता तोवर, आणि गेल्यावरही इतकी वर्षं, मी तोंड शिवून बसले.

पण म्हातारपणी मागं वळून पाहायची खोड लागते. अंगणवाडीत मी जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांचे आजेपणजे वहीत उतरवले. आपल्या घरी मात्र माझ्या लग्नात काकाच्या जागी शेजारी उभा राहिला, आणि तुमच्या मौतीला गावाकडून कुणी आलं नाही. तुमच्या नावामागं लागणारं आजोबांचं नाव तेवढं ठाऊक, माणूस ठाऊक नाही. आपलं म्हणावं असं कुणीतरी कुठंतरी असेलच की, हा किडा डोक्यातून जाईना. तेवढ्यात कळलं की तुमच्या भाईबंद मंडळाची सभासद-वही अजून शाबूत आहे.

तुम्ही त्या मंडळाबद्दल घरात कधी बोलला नाहीत. खाण खासगी मालकाची होती तेव्हाची गोष्ट. खाणीतल्या माणसांनीच ते काढलेलं, कुणी आजारी पडला तर पाळीपाळीनं उशाशी बसायचं, कुणी गेला तर खांदा द्यायचा. जुन्या सभासदानं हमी घेतल्याशिवाय नवा माणूस आत घेत नसत, आणि घेताना त्याच्या हातात खाणीतला पेटता कंदील देत. वही जुन्या चिटणीसांच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. ते आता नव्वदीला टेकलेत. वही माझ्यापुढं ठेवून ते बाजेवर डुलक्या घेऊ लागले, आणि मी बोट फिरवत फिरवत तुमच्यापर्यंत पोचले. तुमचं नाव. बापाच्या रकान्यात आजोबांचं नाव. गाव सावली, तळ्याकाठची वस्ती. त्याच पानावर तेच बापाचं नाव, तेच गाव, आणखी चार जणांपुढं! माझ्या डोळ्यांना धार लागली, बाबा. मला एक सोडून चार काके निघाले होते. चिटणीसांना उठवलंसुद्धा नाही, तशीच निघाले.

दुसऱ्याच दिवशी एसटीनं सावलीला. धानाच्या बांध्या मागं टाकत तळ्याकाठी गेले, आजोबांचं नाव विचारलं, तर लोकांनी सरळ घरच दाखवलं. ओसरीत एक बुढी सुपात तांदूळ निवडत होती, त्या नावाच्या माणसाची सून. मी म्हटलं, "मी तुमच्या सासऱ्याची नात. माजरीची." बुढीनं सूप खाली ठेवलं, मला खालून वर पाहिलं आणि आत हाक मारली, "पानी आना गा, आपली पोरगी आली!" बस, एवढंच. मग भात, तळ्यातल्या मासोळ्यांचा रस्सा, निघताना हातात लुगडं. तिच्या नातवंडांनी मला आत्या म्हणून असं घेरलं की मी येताना एसटीत एकटीच हसत होते.

पेढे घेऊन चिटणीसांकडे गेले. त्यांनी एक तोंडात टाकला, सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, तो तुमचा आजा नोहे."

"मंग कोन होय?"

"हमीवाला. तुमच्या बाबाले आत घेनारा."

त्यांनी वही उघडून तुमच्या ओळीवर माझं बोट ठेवलं. बापाच्या रकान्यात कागदाची बारीक पट्टी चिकटवलेली होती, चष्म्याशिवाय कळूच नये अशी. ते सांगत गेले. कुणी गावची मेलेली ढोरं ओढायचं काम टाकून पळून आलेला, कुणी घरात भांडून आलेला, कुणाच्या मागावर पाटलाचा माणूस. ज्याला जुनं नाव जवळ ठेवणं जड जाई, त्याला हमी घेणारा आपलं नाव आणि गाव बाप म्हणून देई. जुन्या नावावर पट्टी लावून तिच्यावर नवं लिहायचं, खालचं खोडायचं नाही. कुणाच्या बापाच्या नावावर काट मारू नये म्हणून.

"माह्या बाबाचं काय झालं होतं?"

"तो बोलला नाई, आमी विचारलं नाई. विचाराचंच नसे."

त्या ताटासमोरचा तुमचा चेहरा मला तेव्हा कळला, बाबा. मी तुम्हाला नेमकं तेच विचारलं होतं, जे खाणीतला एकही माणूस तुम्हाला विचारत नव्हता.

मग सावलीचं लुगडं मला जाळू लागलं. मी त्या घरात जेवले, नातं सांगून बसले, आणि तेही खोटं. आठ दिवस अन्न गोड लागलं नाही. मिळालेली माणसं हातची जातील म्हणून गप्प राहावंसंही वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटी लुगडं पिशवीत घालून पुन्हा ओसरीवर जाऊन उभी राहिले. "माय, माह्याकडून चुकी झाली. मी तुमच्या रक्ताची नाई. तुमच्या सासऱ्यानं माह्या बाबाले फक्त नाव देलं होतं."

बुढी तांदूळच निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माईत हाय."

"माईत हाय? मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं त तू जेवली असती का?" मग हसली, दात नसलेलं. "तुह्या आंधी तिघं येऊन गेले, असेच रडत. आमचा बुढा सासरा मरताना सांगून गेला, खानीतून कोनी आलं त वापस नोका धाडू, मी कबूल करून बसलो हावो. त्याच्या पोटचं एकच पोट्टं, माहा नवरा. आता पाय, घर कसं भरलं. आन ते लुगडं ठेव पिशवीत, मोठी आली वापस करनारी."

काल तिच्या नातीच्या लग्नाची पत्रिका आली. आत्यांच्या ओळीत माझं नाव छापलं आहे, पहिलंच. मंगळवारी जाणार. तेच लुगडं नेसणार.

एवढं सगळं तुम्हाला लिहिलं, आता टाकायचं कुठं? ठेवते मायच्या पेटीत. पण एक राहिलं, ते कबूल करते, रागावू नका. पेढे घेऊन गेले त्या दिवशी, पट्टी दाखवून चिटणीस चहा सांगायला आत गेले, तेव्हा मी पट्टीचा कोपरा नखानं उचलला होता. डिंक जुना, लगेच सुटला. खाली एक अक्षर दिसलं. मग आत कपबशा वाजल्या आणि मी जिभेनं बोट ओलं करून तो कोपरा पुन्हा दाबून बसवला, चिटणीस येईस्तोवर दाबूनच धरला. ते अक्षर कोणतं, हे मी इथंही लिहीत नाही.