मिरर फिनिश

२ जानेवारी
या वर्षीचे संकल्प दोनच. एक, रोजनिशी रोज लिहिणे. (काल राहिलं. काल सुट्टी होती.) दोन, गाडी.

आज गाडीकडे नीट पाहिलं. घेतली तेव्हा लालभडक होती. आता टप गुलाबी, बॉनेट पांढरट, आणि मागे डिकीवर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेत. कारणं उघड आहेत. नांदुऱ्याचं ऊन, कापसाच्या जिनिंगमधून उडणारा कचरा, बोअरचं खारं पाणी. माझी काही चूक नाही. मी दर दिवाळीला गाडी धुतो.

या दिवाळीला राहिलं. शरयू बुलढाण्याला भावाकडे गेली, त्या गडबडीत. चेंजसाठी गेलीय.

५ जानेवारी
शेजारचे रामराव. एसटीतून रिटायर झाल्यापासून कुंपणाला टेकून उभं राहणे हा एकच उद्योग. विचारत होते, वहिनी दिसून नाही राह्यल्या. मी सांगितलं, तिच्या आईची तब्येत बरी नसते. तर म्हणाले, "सर, त्या तं वारल्या ना? मी आलतो ना तेरवीले."
दुरुस्ती केली. मावशीची तब्येत.
"हाव का," म्हणाले. पण हलले नाहीत. लोकांना दुसऱ्याच्या घरात फार इंटरेस्ट.

९ जानेवारी
खामगाव रोडवर नवीन कार डिटेलिंग स्टुडिओ निघालाय. ऋत्विक नावाचा मुलगा चालवतो. काळा टी-शर्ट, काळे हातमोजे, थेट सर्जनच. नुसतं धुणं नव्हे. आधी फोम, मग क्ले नावाच्या चिकट गोळ्यानं अंगातली घाण ओढून काढायची, मग मशीननं कंपाउंड, मग पॉलिश, मग सिरॅमिक कोटिंग. त्यानं बॉनेटच्या कोपऱ्यात हाताएवढा तुकडा पॉलिश करून दाखवला. त्यात माझा चेहरा दिसला. बरा दिसतो मी अजून.
म्हणाला, "सर, मिरर फिनिश. गॅरंटी."
हुशार मुलगा आहे.

११ जानेवारी
खरा प्रश्न ओरखड्याचा. डावीकडच्या दोन्ही दारांवर, हँडलपासून मागच्या चाकापर्यंत. पत्रा दिसतो. कडेनं गंज.

हा मी चार वर्षं मुद्दाम ठेवलाय. लगेच बुजवला असता तर त्यातली शिकवण गेली असती. घरी कोणी आलं की दाखवतो, "हे मॅडमचं काम." लोक हसतात. शरयूही हसायची, सुरुवातीला.

आज डोक्यात एक कल्पना आली आणि स्वतःचंच कौतुक वाटलं. ओरखडा काढून टाकायचा. कायमचा. १२ मार्चला लग्नाचा वाढदिवस. त्या दिवशी चकचकीत गाडी घेऊन बुलढाण्याला दारात उभं राहायचं. एक शब्द बोलायची गरज नाही. ती पाहील आणि समजेल की लक्ष्मीकांतनं सगळं माफ केलं.
प्रत्येकाला एवढं मोठं मन नसतं.

१५ जानेवारी
शरयूला फोन केला. सरप्राईज न फोडता हिंट दिली की मार्चमध्ये तुझ्यासाठी काहीतरी आहे. ती म्हणाली, "कोणी येणार असेल तर माझा मिक्सर पाठवा. आणि सुती साड्या."

यावर विचार केला. मिक्सर मागितला म्हणजे तिथे जास्त दिवस राहायचा विचार आहे असं एखाद्याला वाटेल. तसं नाही. तिच्या वहिनीचा बिघडला असेल. साड्या उन्हाळ्याच्या, पण आता जानेवारीतही दुपारी गरम होतं.
पाठवणार नाही. मार्चमध्ये इथंच येणार आहे, उगाच ने-आण.

२१ जानेवारी
गाडी स्टुडिओत दिली. ऋत्विकनं ओरखड्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, हे कसं झालं. सांगितलं.

चार वर्षांपूर्वी बुलढाण्याहून फोन आला की सासूबाईंचं बरं नाही. शरयू म्हणाली, चला. माझ्याकडे पेपर तपासायचे गठ्ठे, मॉडरेटर म्हणून अपॉइंटमेंट. मी म्हटलं, रविवारी जाऊ. त्या नेहमीच आजारी असायच्या. मी आंघोळीला गेलो, बाहेर आलो तर खिळ्यावर किल्ली नाही. लायसन्स हाती येऊन महिना झाला नव्हता. गाडी काढताना दोन्ही दारं फाटकाच्या खांबाला पार घासत नेली आणि न थांबता निघून गेली. मोताळा, राजूर घाट, सगळं एकटीनं. न विचारता!
ऋत्विक म्हणाला, "पोचल्या का पण?"
पोचली. तोपर्यंत सासूबाई गेल्या होत्या. पण तो वेगळा विषय.

पुढचं त्याला सांगितलं नाही. त्यानंतर किल्ली मी माझ्याकडेच ठेवली, सुरक्षेच्या दृष्टीनं. आणि तेरवीच्या दिवशी मंडळी फार गंभीर बसली होती, म्हणून वातावरण हलकं करायला दोघातिघांना बाहेर नेऊन गाडी दाखवली. रामराव त्यातच होते. हसले नव्हते. त्यांना विनोद कळत नाही.

२९ जानेवारी
पॉलिशनं ओरखडा निघत नाही. दारं रंगवावी लागतील. रंगवा म्हटलं.

६ फेब्रुवारी
दारं रंगवली. अप्रतिम लाल. पण आता बाकीची गाडी जास्तच भिकार दिसते. पापुद्रे सुटलेत तिथं मशीन फिरवलं तर उरलेला रंगही जाईल म्हणे. टप आणि डिकीसुद्धा रंगवावी लागणार. ऋत्विक म्हणाला, "सर, अर्धवट करू नका, नजर तिथंच जाते."
हेच मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगत आलो. होकार दिला.

जेवणाचा डबा मेसचा. वांगं. परवाही वांगं.

१० फेब्रुवारी
गार्गीचा फोन. पोरगी नागपूरला नोकरीला लागल्यापासून फार स्पष्ट बोलते. म्हणाली, "बाबा, तुम्ही आईला एकदा सॉरी का नाही म्हणत?"
मी विचारलं, कशाबद्दल? दार तिनं घासलं. आणि तेही आता मी दुरुस्त करून राह्यलो.
फोन मध्येच कट झाला. नेटवर्क गेलं असावं.
पुन्हा लावून तिला सगळा प्लॅन सांगितला. म्हणाली, "आईला गाडी नकोय, बाबा."
मी हसलो. बायकांना काय हवं हे मुलींना उशिरा कळतं.

१८ फेब्रुवारी
आज ऋत्विकनं मला स्वतः मशीन धरू दिलं. बॉनेटवर गोल गोल, हलक्या हातानं. कॉलेजात आज दोन तास होते, सहकाऱ्याला घ्यायला सांगितले. इतकी शांतता खूप दिवसांनी वाटली. गाडीला हळूहळू वेळ दिला की ती कशी उजळत जाते! दुर्लक्ष झालं की रंग मरतो, असं ऋत्विक म्हणाला. किती खरं आहे. गाड्यांच्या बाबतीत.

२४ फेब्रुवारी
कोटिंग झालं. पाहून डोळे भरून आले. ट्यूबलाईटची रेघ टपावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, कुठे तुटत नाही.
आता आठवडाभर पाणी लागू द्यायचं नाही, धूळ नको, दव नको. गाडी स्टुडिओतच राहील.

२६ फेब्रुवारी
सकाळी शरयूच्या भावाचा फोन. तिला ताप चढला, रात्री चक्कर येऊन पडली, दवाखान्यात भरती केलंय. डॉक्टर टायफॉईड म्हणताहेत. विचारत होता, येता का.

आता ही वेळ पाहा. कोटिंग होऊन दोनच दिवस. ऋत्विकला विचारलं. तो म्हणाला, "सर, गाडीचं काय, न्या. पुन्हा करू." पण हे त्याचं बोलणं झालं, मला क्वालिटी कळते. एसटीनं जाता आलं असतं. तासातासाला बस असते. पण एसटीनं गेलो तर शरयू विचारणार, कार कुठंय, आणि सरप्राईज फुटणार. शिवाय मला पाहून ती भावुक होईल, तापात ते चांगलं नाही.
भावाला सांगितलं, कॉलेजात प्रॅक्टिकल चालू आहेत. कॉमर्सला प्रॅक्टिकल नसतात हे त्याला माहीत नसावं.

रामराव संध्याकाळी फाटकापाशी आले. त्यांना कुठून कळतं कोण जाणे. म्हणाले, "सर, मी जाऊन राह्यलो सोमवारी बुलढाण्याले, पेन्शनच्या कामानं. चाला ना संगं."
डोकं दुखतं म्हणून सांगितलं. खरंच दुखायला लागलं होतं.

२८ फेब्रुवारी
रामराव परत आले. शरयूला भेटून आले! कोणी सांगितलं होतं? मोसंबी घेऊन गेले म्हणे. बरी आहे, बोलते, असं म्हणाले.
विचारलं, माझ्याबद्दल काही विचारलं का तिनं.
"नाई."
बरोबर आहे. परक्या माणसासमोर ती कशी विचारणार?

४ मार्च
गाडी घरी आणली. अंगणात ताडपत्री बांधली, चारही बाजूंनी. आतून पुन्हा कापडी कव्हर. कबुतरांचा बंदोबस्त केला. शरयूला डिस्चार्ज मिळाला असं गार्गीनं कळवलं. तिनंच. भावाचा फोन नाही. त्यालाही कामं असतात.

११ मार्च
उद्या. शर्ट इस्त्री केला. बाहीवर थोडा जळाला, आत दुमडून घेईन. मिक्सर न्यायचा नाही असं ठरवलं. डिकीच्या कडेला घासला तर? आणि उद्या ती इथंच येतेय.
स्वयंपाकघर आवरलं. म्हणजे दार लावून घेतलं.

१२ मार्च
सकाळी लवकर निघालो. मोताळ्यापर्यंत ठीक. पुढे गिट्टीचा टिप्पर समोर आला, त्याच्या मागे फार अंतर ठेवून चाललो. मागचे हॉर्न देत होते. राजूर घाटात तर मी पायी चालणाऱ्याच्या वेगानं चढलो. वळणं खरंच वाईट आहेत. एका ठिकाणी गाडी मागे सरकली आणि मी हँडब्रेक ओढून धरला. नवशिक्या माणसाचं काम नाही ते.

बुलढाण्यात भावाच्या घरासमोर गाडी अशी लावली की ऊन बरोबर दारांवर पडेल. शरयू घरी नव्हती. एका शाळेत लायब्ररीत लागलीय. डिसेंबरपासून! मला कोणी सांगितलं नाही. वहिनीनं फोन केला, मग ती मधल्या सुट्टीत आली. वाळलीय. केस कापलेत. तापामुळे असतील.

मी काही न बोलता दाराकडे हात केला. तिनं पाहिलं. मग मी पाण्याची बाटली काढून बॉनेटवर ओतली, थेंब कसे मोत्यासारखे घरंगळतात ते दाखवलं. समजावलं की हे सिरॅमिक आहे. पोरं जमली होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या.
तिनं विचारलं, मिक्सर आणला का.
नाही म्हटलं. आणि मग मुद्द्याचं बोललो. म्हटलं, ओरखडा गेला, शरयू. मी ते सगळं विसरलो. माफ केलं.

मला वाटलं, आता रडेल. ती अगदी हळू आवाजात बोलली, पोरांना ऐकू जाऊ नये इतक्या. "आई मरत होती म्हणून मी हा घाट एकटी चढले. मला नीट वळवताही येत नव्हतं. आणि चार वर्षं तुम्ही लोकांना बोलावून बोलावून दार दाखवलंत." मग म्हणाली, "मी दवाखान्यात होते, तेव्हा ही गाडी कुठं होती?"
मी खरं ते सांगितलं. कोटिंग वाळत होतं.
तिनं मान हलवली. समजल्यासारखी. म्हणाली, "मी येणार नाही. आत्ता नाही, उन्हाळ्यात नाही, नंतरही नाही. तुम्ही पण येऊ नका." शाळेची घंटा होईल म्हणून निघाली. पायी. सोडतो म्हटलं तर वळली नाही.

एकंदरीत भेट चांगली झाली. मनातलं बोलली. हे आवश्यक होतं. तिला वेळ द्यायला हवा.
वहिनीनं चहा दिला. साखर कमी होती.

१३ मार्च
शरयूला फोन केला. उचलला नाही. शाळेत असेल.
पुन्हा केला. रविवार आहे हे नंतर लक्षात आलं.

१४ मार्च
गार्गीला फोन लावला. म्हटलं, आईकडे लक्ष दे, माझ्याशी असं बोलून तिला फार त्रास झाला असणार. रडत असेल. मला काळजी वाटते. तिला सांग, मी रागावलेलो नाही.

गार्गी म्हणाली, "बाबा, आई रडली नाही. मी विचारलं तिला. म्हणाली, बरं वाटतंय. जेवली, आणि शाळेतल्या मैत्रिणींबरोबर संध्याकाळच्या शोला पिक्चर पाहायला गेली."
मी विचारलं, कोणता पिक्चर.
गार्गी म्हणाली, "कोणता म्हणजे? तिला काय, कोणताही चालतो. वेडी आहे ती पिक्चरची. तुम्हाला माहीत नाही?"
माहीत आहे म्हटलं. फोन ठेवला.

शरयूला पिक्चर आवडतात.
मला वाटायचं, नाही आवडत. विचारलं नव्हतं कधी.