चंपाच्या चुण्यांची वाटणी

मी, श्रीमती चंपा राजाराम घाडी, वय चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार लोअर परळ, मुंबई, हे मृत्युपत्र शुद्धीत आणि खुशीत लिहून ठेवते. मोतीबिंदू काढला आहे. सुईत दोरा मीच ओवते. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. एकदा आणून पाहिले होते, ते खाली येईलच.

१. चाळ पाडून बांधलेल्या इमारतीतील माझी सदनिका आणि बँकेतील शिल्लक माझी एकुलती मुलगी अनुजा हिला मिळावी. खिडकीजवळची उजेडाची जागा शिवणाला ठेवावी. तिथे टीव्ही लावू नये.

२. शिलाई मशीन, इस्त्री आणि चुण्या पाडायचे जाड कागदाचे साचे मेगनला द्यावेत. मेगन ही माझी मैत्रीण व्हायोलेट परेरा हिची नात. माझे यजमान गेले त्या वर्षी व्हायोलेटने मला प्रभादेवीला आपल्या घरी बसवून हे काम शिकवले. सगळ्या चुण्या एकाच अंगावर झोपवल्या की नाइफ प्लीट. दोघी एकमेकींना पाठ करून बसल्या की बॉक्स, समोरासमोर आल्या की इन्व्हर्टेड. "साडीच्या निऱ्या घालतेस ना? तेच गं. फक्त इथे शिवून टाकायच्या," असे ती म्हणाली आणि माझी भीती गेली. पुढे आम्ही दोघींनी मिळून दादरच्या दुकानांना शाळेचे स्कर्ट पुरवले. मुली बाकावर बसतात, पळतात, त्यांना बॉक्सच टिकतो, असे माझे मत. व्हायोलेट अजून नाइफ सोडत नाही. हा वाद मेगनने चालू ठेवावा.

व्हायोलेटला मी काही ठेवलेले नाही. साक्षीदाराने वाटा घेऊ नये, असे वकील म्हणाले. त्यावर ती म्हणाली, "मग मला साक्षीदारच ठेव. तुझ्या सामानाला माझ्या घरात जागा कुठे आहे?"

३. लाकडी स्टूल माझे धाकटे दीर रघुवीर घाडी यांना द्यावे. कारण त्यांना ठाऊक आहे, पण इतरांसाठी लिहिते.

यजमान गेल्यावर भावोजी गावाहून दोन वडीलधाऱ्यांना घेऊन आले. मी तान्ह्या अनुजाला घेऊन मालवणला जावे आणि खोली त्यांच्या ताब्यात द्यावी, असे ठरवूनच आले होते. मला विचारले नव्हते. त्याच दिवशी माझी पहिली ऑर्डर शिवून होत होती. माप बघायला पुतळा नव्हता. माझ्याजवळच राहणाऱ्या सासूबाई लक्ष्मीबाई शाळेतल्या मुलीएवढ्याच उंच, म्हणून लुगड्यावर निळा बॉक्स प्लीटचा स्कर्ट चढवून त्या या स्टुलावर उभ्या होत्या. मी खाली बसून घेराला टाचण्या लावत होते.

"आये, ह्या काय?" भावोजींनी विचारले.

"काम चललाहा," सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, सामान बांधा."

माझे हात थांबले. सासूबाई मात्र हलल्या नाहीत.

"सुनेक न्हेवचा आसात तर आधी माका हयसून खाली उतरय," त्या म्हणाल्या. "आणि सांभाळ, एक चुणी मोडाक नको."

भावोजी पुढे आले आणि तसेच उभे राहिले. आईला हात कुठे लावावा, हेच त्यांना कळेना. वडीलधाऱ्यांपैकी एकांनी स्कर्ट निरखला आणि मला विचारले, "माझ्या नातीक असो शिवशात?" सासूबाई आधी हसल्या, मग मी. भावोजी संध्याकाळच्या एसटीने परत गेले. पुढच्या जूनमध्ये ते आपल्या मुलीचे माप घेऊन आले. मी चहा केला आणि स्कर्ट शिवला. मनात काही नाही. पण स्टूल त्यांच्याच घरी राहावे.

४. माझा मोरपंखी सनरे स्कर्ट. याच्या चुण्या कमरेशी बारीक आणि खाली उन्हासारख्या पसरत जातात. मेगनच्या लग्नासाठी व्हायोलेटने तो मला न विचारता शिवला. "जन्मभर दुसऱ्यांना घालायला दिलेस. आता स्वतः घाल," असे म्हणून पिशवी हातात ठेवली. मी घातला. तिचा दीर ऑस्वाल्ड याने मला नाचायला बोलावले. मला नाच येत नाही असे सांगितले, तर तो म्हणाला, "तुम्ही नुसत्या फिरा, बाकीचं स्कर्ट करतो." तसेच झाले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी मला कळले की आपण काय शिवत होतो.

मी हयात असेपर्यंत सदर स्कर्ट कुणालाही मिळणार नाही. नाताळात पुन्हा घालायचा आहे. माझ्या तेराव्याला, जेवणे उरकल्यावर, घरातल्या बायकांनी तो एकेक करून घालून पाहावा. जी सर्वांसमोर लाज न धरता गोल फिरेल आणि जिच्या सगळ्या चुण्या उघडतील, तो तिचा.

लिहून देणार: चंपा राजाराम घाडी (सही)

आम्हां दोघांसमक्ष वाचून, हसून सही केली:
१. व्हायोलेट परेरा, प्रभादेवी (सही)
२. ऑस्वाल्ड परेरा, दादर (सही)

ठिकाण: मुंबई
दिनांक: १४ जून २०२५