थंडीत जगणारे जंतू

बाबा, बालाघाटच्या घरात आल्यापासून माझा पाय एका जागी ठरत नव्हता. अंगणात जायचे, परत यायचे, फोन बघायचे. लडाखहून निरोप यायचा होता. तिथे आम्ही काही संशोधकांनी संडासाच्या टाक्या पुरल्या आहेत. आई हे कुणाला सांगत नाही. शेजारीण विचारते तेव्हा म्हणते, "बर्फावर रिसर्च करते पोरगी."

तुम्ही ठेकेदाराकडे अशाच टाक्या उपसायला जायचात. घरी आल्यावर मागच्या नळावर साबण लावत बसायचात आणि तोवर मला जवळ येऊ द्यायचा नाहीत. एकदा मी तुमची बादली उचलली. "ठेव ते खाली," तुम्ही म्हणालात, "याच्यासाठी शिकवून राह्यलो का तुले?" मी कॉलेजात असताना तुम्ही बैहरच्या एका लॉजच्या टाकीत उतरलात. आतल्या वायूने घात केला. लोकांनी तुम्हाला वर काढलं तेव्हा सगळं संपलं होतं.

वर लडाखला मैला कुजतच नाही, दगडासारखा गोठतो. मग माणसं सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आत उतरतात आणि तो फोडतात. आपल्याकडचे जंतू त्या थंडीत निपचित पडतात. पण हिमनदीच्या कडेच्या मातीत, तळ्यांच्या गाळात नाना जातींचे जंतू आहेत, त्यांना ती थंडीच मानवते. त्यातले मैला खाणारे आम्ही निवडले, वाढवले, गेल्या वर्षी पहिल्या टाकीत सोडले. बर्फ वितळल्यावर झाकण उघडलं, तेव्हा सगळ्यांना मागे सारून मीच आधी वाकले. मैल्याचं बरंचसं पाणी झालं होतं.

यंदा त्याहून उंचावर दुसरी टाकी बसवली. आज दुपारी फोन आला. जंतूंनी काम केलं नाही, टाकी गोठली आहे, दोन मजूर सब्बल घेऊन आले आहेत.

"किसी को मत उतारना," मी म्हटलं. "मैं आ रही हूँ."

मी बॅग भरायला घेतली तेव्हा आई दारात उभी होती.

"आताच तर आली. काहून जाऊन राह्यली?"

"टाकी बंद पडली, आई."

तिने माझा स्वेटर घडी करून बॅगेत ठेवला. "तू उतरू नको," म्हणाली. "अन् दुसऱ्यालेही उतरू देऊ नको."

"हौ."

गोंदियाची बस निघायला अजून वेळ आहे, म्हणून हे लिहितेय. कोणत्या जातीचे जंतू कमी पडले, हे पुन्हा जमेल की नाही, काहीच कळत नाही. एक मात्र कबूल करते. तुमचा पत्ता असता तरी हे पत्र मी टाकलं नसतं. तुम्ही म्हटलं असतं, सोड हे काम. आणि मी सोडलं नसतं.