कॉम्प्युटर सुरू व्हायला नऊ मिनिटं

सोमवार, संध्याकाळ

नऊ मिनिटं! खंडेनवमीपर्यंत एक लागायचं. त्या दिवशी बाबांनी कॉम्प्युटर पुसून पूजा केली होती, म्हणून सकाळी त्यांच्यावरच ओरडले. मग अँटीव्हायरस चालवला, नको ते प्रोग्राम काढले, तरी नऊच. शेवटी मागच्या वायरी तपासल्या, तर कपाटातली जुनी, बिघडलेली हार्ड डिस्क तिथे जोडलेली, वर हळदकुंकू. ती काढली आणि मिनिटात सुरू!

बाबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "तिनंही काम केलंय इतकी वर्षं. पूजा करून लावली परत."

"मग सकाळी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे? ओरडलीस."

त्याला तास झाला. काम उघडून बसलेय, सुचत काही नाही. 'चुकलं' एवढंच तर म्हणायचंय.