दोनदा वजा केलेलं ऊन

आण्णा, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली. माझं शिक्षण झालं, नोकरी लागली, हे सगळं तुमच्या माघारी झालं, म्हणून आधी नोकरीचं सांगते. कोल्हापुरात आता काही भागांत पाइपने गॅस येतो. तो देणाऱ्या एका कंपनीच्या कार्यालयात मी बसते. नव्या मीटरची नोंद करायची आणि बिलाच्या तक्रारी ऐकायच्या, एवढंच काम. पण संध्याकाळी घरी येते तेव्हा दिवसभर कुणाशी तरी भांडून आल्यासारखं अंग दुखतं. कुलूप लावलं की नाही हे बघायला मी अजून दोनदा मागे फिरते. आई म्हणते, ही खोड तुमची.

तुम्हाला हे काम लगेच कळलं असतं. कोडोलीच्या दूध संस्थेत तुम्ही फॅट काढायचात आणि शाळेत जायच्या आधी माझी शाळा तिथेच भरायची. दशांश चिन्ह मी पाटीवर शिकले नाही, काचेच्या नळीवर शिकले. "साडेचार न्हवं, चार पॉइंट तीन. डोळा रेघंच्या समोर धर," असं तुम्ही म्हणायचात. दूध लिटरवर मोजायचं, पण दर ठरायचा फॅटवर. गॅसचंही तसंच आहे. मीटर फक्त किती घनमीटर गॅस गेला ते सांगतो. पण गॅस उन्हात फुगतो, थंडीत आकसतो, दाबाने दबतो. म्हणून मीटरचा आकडा आधी एका ठरावीक तापमानाच्या आणि दाबाच्या हिशोबात आणायचा. मग त्या गॅसमध्ये उष्णता किती, त्या उष्मांकाच्या प्रमाणात तो आकडा किंचित खालीवर करायचा. तेव्हा कुठे बिलातलं युनिट तयार होतं. आपल्याकडच्या उन्हात आणि उंचावरच्या कमी दाबात गॅस फुगलेला असतो, त्यामुळे बिलातला आकडा मीटरपेक्षा थोडा खालीच येतो. मी हे दिवसातून दहा वेळा सांगते. दहाव्या वेळी माझा आवाज मलाच परका वाटतो.

दोन महिन्यांपूर्वी एक मावशी आल्या. सत्तरीच्या असतील, एकट्या राहतात. वहीच्या कागदावर त्यांनी मीटरचे आकडे दर आठवड्याला लिहून ठेवले होते.

"काय गं पोरी, मीटरात अठरा गेलं आणि बिलात सोळाच. मधलं दोन कुठं गेलं?"

"मावशी, बिल कमीच आलंय की. मग तक्रार कसली?"

"आज कमी लावशीला आणि उद्या एकदम घेशीला. मागल्या बाजूच्या गल्लीत माझी बहीण ऱ्हाते. तिचं अठराचं सतरा हुतंय. माझंच सोळा कसं? गॅस एकच हाय न्हवं?"

मागे सात-आठ माणसं उभी होती, कुणीतरी हसलं. मी दाब, तापमान, उष्मांक सगळं एका दमात म्हणून टाकलं. त्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग मी म्हणाले, "जाऊ द्या मावशी, तुम्हाला ते कळणार नाही." त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि निघून गेल्या.

हेच वाक्य मी नऊ वर्षांची असताना तुमच्या टेबलापाशी उभी राहून एका बाईला म्हणाले होते. तिच्या म्हशीचं फॅट कमी लागलं होतं आणि ती हटून बसली होती. तुम्ही नळी खाली ठेवता. सगळ्या रांगेसमोर मला म्हणता, "तिला कळत न्हाई व्हय? मग तुला तरी कुठं कळलंय! कळलं असतं तर सांगता आलं असतं." मग तुम्ही त्याच दुधाची तपासणी पुन्हा करता आणि नळी त्या बाईच्या हातात देता. फॅट तेवढंच निघतं. ती हसत जाते. मी मात्र घरी येईपर्यंत रडते आणि तुम्ही रस्त्यात एकदाही मागे वळून बघत नाही.

या वेळी आकडा तेवढाच निघाला नाही. मंगळवारी दुसरंच काही शोधताना मला मावशींच्या गल्लीची नोंद दिसली. त्या गल्लीत बसवलेले बावीस मीटर नव्या जातीचे आहेत. तापमानाचा हिशोब ते आतल्या आत करून मगच आकडा दाखवतात. नोंदीत तशी खूण करावी लागते. ती मी केलीच नव्हती. त्यामुळे मीटरने एकदा ऊन वजा केलं, आमच्या संगणकाने पुन्हा एकदा केलं. मावशींच्या बहिणीच्या गल्लीतही तेच मीटर आहेत, पण तिथली खूण झालेली होती, म्हणून तिथे संगणकाने फक्त दाबाचं वजा केलं आणि तिचं बरोबर आलं. बावीस घरांत प्रत्येकी चार बिलं कमी गेली होती, आणि फरक पुढच्या बिलात एकदम लागणार होता. मावशी म्हणाल्या होत्या अगदी तसाच.

साहेब म्हणाले, "कारणाच्या रकान्यात 'तांत्रिक' लिही आणि मोकळी हो. तुझा करार पुढच्या महिन्यात संपतोय, ध्यानात हाय न्हवं?" पण कार्यालयाची चूक म्हणून लिहिलं तरच फरकाचे हप्ते पडतात. मी दोन रात्री झोपले नाही. शेवटी चूक लिहिली आणि खाली माझं नाव लिहिलं. करार वाढेल की नाही, माहीत नाही. साहेब अजून बोलत नाहीत.

हे वाचून तुम्हाला बरं वाटलं असतं, म्हणून इथेच थांबावं असं मला फार वाटतंय. पण काल मी मावशींच्या घरी गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, स्वतः पाटावर बसल्या. मी म्हणाले, तुमचा आकडा बरोबर होता, फरक हप्त्यांनी लागेल. "मग चूक कुणाची गं?" त्यांनी विचारलं.

"संगणकाची," मी म्हणाले.

"मग एवढ्या उन्हाचं तू कशाला आलीस? त्यालाच धाडायचं की!" त्या खूप हसल्या आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठल्या. मीही हसले. चहा उकळून कपात येईपर्यंत भरपूर वेळ होता, आण्णा. मी काहीच बोलले नाही.